रुग्णवाहिका येईपर्यंत

पुण्यात रुग्णालयांची वानवा नाही. ससून, रुबी हॉल, जहांगीर, रास्ता पेठेतलं केईएम, एरंडवण्यातलं दीनानाथ मंगेशकर, डेक्कनचं सह्याद्री, पिंपरीचं वायसीएम. शहरातल्या बहुतेक घरांपासून कुठलं ना कुठलं मोठं रुग्णालय फार दूर नसतं. त्यामुळे आपल्या मनात एक भरवसा घर करून बसला आहे, की काही झालंच तर उचलायचं आणि न्यायचं. पाय मोडला, दमा उफाळला, छातीत कळ आली, तर हा भरवसा बरोबर ठरतो. हृदय एकाएकी बंद पडतं तेव्हा मात्र याच भरवशापायी माणसं जातात. उचलण्यात, लिफ्टपर्यंत नेण्यात, गाडीत बसवण्यात आणि सिग्नलला थांबण्यात जी मिनिटं जातात, तेवढीच त्या माणसाकडे शिल्लक असतात.

शहरातल्या फलकांवर 'गोल्डन अवर' हे शब्द आपण सगळ्यांनी वाचले आहेत. हार्ट अटॅकमध्ये तो सोन्याचा तास खरोखर असतो. बंद पडलेल्या हृदयाला तास मिळत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा थांबल्यावर चार-पाच मिनिटांत त्याला इजा व्हायला लागते. काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. आता कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कुणी कोसळलं असं धरा. काय झालं हे कळायला एक मिनिट, फोन लागून पत्ता सांगून होईपर्यंत दोन, रस्ता मोकळा असेल तर गाडी यायला दहा-बारा, गेटपासून चौथ्या मजल्यापर्यंत आणखी तीन. एवढं सगळं सुरळीत झालं तरी पंधराहून जास्त मिनिटं गेली. संध्याकाळी सात वाजताच्या पुण्यात ते किती सुरळीत होईल, हे वाचकांना मी सांगायला नको.

याच पंधरा मिनिटांत कुणी छातीवर नीट दाब देत राहिलं, म्हणजे सीपीआर दिला, तर शक्यतेची ती घसरण मिनिटाला ३ ते ४ टक्क्यांवर येते. या लेखातलं जवळजवळ सगळं या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटनांपैकी सुमारे ७० टक्के घरात घडतात, असं जगभरच्या नोंदी सांगतात. प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा रस्त्यात पडलेला अनोळखी माणूस असतो. प्रत्यक्षात समोर असतात आपले वडील, नवरा, सासूबाई. वेळ असते पहाटेची किंवा जेवणानंतरची, आणि घरात दुसरं माणूस असतंच असं नाही. मुलं बंगळूरला किंवा अमेरिकेत आणि पुण्यात दोघंच, अशी कितीतरी घरं आहेत. त्या घरांतल्या सत्तरीच्या काकूंनाही हे यायला हवं, आणि शिकवलं तर येतं.

नेमकं काय झालं आहे?

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं यांत आपण गल्लत करतो. ती निस्तरायला सोसायटीतल्या पाण्याच्या मोटारीकडे पाहा. पाइप तुंबला तर मोटार धापा टाकत का होईना चालू राहते. तो हार्ट अटॅक. हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, माणूस घामाघूम होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, पण तो बोलतो, श्वास घेतो. वीजजोडणीत बिघाड होऊन मोटारच थांबली, तर तो कार्डिअॅक अरेस्ट. हृदयाची विद्युत लय बिघडते, ते नुसतं थरथरत राहतं किंवा पूर्ण थांबतं, आणि दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. पहिल्यातून दुसरं उद्भवू शकतं, म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला दुचाकीवर मागे बसवून नेऊ नये आणि त्याला स्वतःला गाडी चालवू देऊ नये.

'एकटे असाल आणि छातीत दुखू लागलं तर जोरजोरात खोकत राहा' हा संदेश व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पुढे पाठवू नका. हृदय बंद पडल्यावर शुद्धच राहत नाही, तिथे खोकणार कोण? आणि शुद्ध आहे तोवर खोकण्यात घालवलेला वेळ फोन करण्यातून वजा होतो. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले, हजारो हृदयांवर शस्त्रक्रिया केलेले डॉ. नितू मांडके २००३ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानेच अचानक गेले. या प्रसंगात स्वतःचं ज्ञान स्वतःच्या कामी येत नाही. शेजारी असलेल्या माणसाला काय येतं, त्यावर सगळं ठरतं.

ओळखायचं कसं? दोन्ही खांदे धरून जोरात हलवा, मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही. मग छातीकडे आणि पोटाकडे दहा सेकंद पाहा. नेहमीसारखा श्वास चालू नाही. एवढं पुरे, दाब द्यायला सुरुवात करा. नाडी शोधत बसू नका. गडबडीत स्वतःच्याच बोटातले ठोके जाणवतात आणि 'नाडी आहे' असं वाटून हात थांबतात.

सगळ्यात जास्त फसगत श्वासाबाबत होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं अनेकांना घरघर लागते. तोंड उघडतं, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो, मध्येच एखादा आचका येतो, मग बराच वेळ काही नाही. पाहणारे म्हणतात, 'श्वास चालू आहे.' तो श्वास नाही. मेंदूत धुगधुगी असल्याची ती खूण आहे, म्हणजे हात लावण्याची सगळ्यात योग्य वेळ. आपल्याकडे मात्र घरघर लागली की संपलं असं समजून कुणी तुळशीपत्र आणि गंगाजल आणायला धावतं. त्यामागची माया मला कळते. तरीही विनवणी आहे, की बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

दुसरी फसगत झटक्यांची. हृदय थांबल्या क्षणी काहींचे हातपाय थोडा वेळ आखडतात, झटके येतात. मग फिट आली म्हणून हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला जातो, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली जाते. झटके थांबल्यावर माणूस नीट श्वास घेत नसेल, तर ती फिट नव्हे असंच धरून चाला. सॉर्बिट्रेटची गोळी आपल्या घराघरांत असते. बेशुद्ध माणसाच्या जिभेखाली ती सरकवू नका. हृदय बंद असताना तिचा काडीचा उपयोग नाही, आणि हृदय चालू असून रक्तदाब उतरला असेल, तर ती तो आणखी उतरवते.

फोन

१०८ लावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या २३३ मध्ये प्रगत जीवरक्षक साधनं होती, उरलेल्या ७०४ मध्ये प्राथमिक. राज्यभरातून येणाऱ्या फोनसाठीचा नियंत्रण कक्ष पुण्यातच, औंधला उभारला गेला. गाडीत ड्रायव्हरबरोबर डॉक्टर असावा हे या सेवेचं सुरुवातीपासूनचं सूत्र आहे. १०८ लागला नाही तर ११२. आधी खासगी रुग्णालयाच्या ओळखीच्या माणसाला, मग भाच्याला, मग फॅमिली डॉक्टरांना फोन, हा क्रम उलटा करा. भाच्याला नंतरही कळवता येईल.

फोनवर पहिलं वाक्य असं बोला: 'माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही, आम्ही सीपीआर सुरू करतोय.' मग पत्ता. पुण्यात एकाच नावाच्या चार सोसायट्या असतात, वर फेज एक आणि फेज दोन. म्हणून विंग, मजला, कुठल्या गेटने आत यायचं आणि जवळची ठळक खूण सांगा. टेकडीवर असाल तर प्रवेशद्वाराचं नाव घ्या. 'वेताळ टेकडीवर' एवढ्याने काही कळत नाही, कारण तिथे वर चढायला अनेक वाटा आहेत. तळजाई, हनुमान टेकडी, सिंहगडाची आतकरवाडीची पायवाट इथेही तेच. गाडी कुठपर्यंत येऊ शकते तिथे एकाने खाली जाऊन थांबायला हवं. फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा आणि पलीकडून सांगितल्याशिवाय तोडू नका. एकटे असलात तरी स्पीकरमुळे दोन्ही कामं एका वेळी होतात.

हात

पलंगावर दाब देऊ नका. गादी खाली दबते, छाती तशीच राहते. माणसाला चादरीसकट ओढून जमिनीवर उताणं घ्या. एकट्याला कठीण जातं, पण काखेत हात घालून डोकं सांभाळत सरकवता येतं. सरकवताना खरचटलं तर खरचटू द्या.

बाजूला गुडघे टेकून बसा. छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेत जे हाड लागतं त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताच्या तळव्याची टाच ठेवा. दुसरा हात त्यावर, बोटं गुंफलेली आणि बरगड्यांपासून उचललेली. कोपरं ताठ. खांदे बरोबर हातांच्या वर आणा आणि कमरेपासून झुकत अंगाचं वजन खाली सोडा. दंडाच्या जोरावर करायला गेलात तर मिनिटाभरात दमाल. छाती ५ सेंटिमीटर तरी दबली पाहिजे, ६ च्या पुढे नको. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. मोठ्याने मोजा. मोजल्याने वेग टिकतो, आणि घाबरलेल्या मनाला धरायला काहीतरी मिळतं.

दाब दिल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्या, हे बहुतेकांकडून राहून जातं. दाबल्यावर हृदयातलं रक्त मेंदूकडे जातं आणि सोडल्यावर हृदयात रक्त परत भरतं. हात छातीवरून उचलू नका, फक्त भार काढा. आणि थांबू नका. थांबल्याबरोबर रक्ताचा दाब कोसळतो आणि तो पुन्हा जमवायला कितीतरी दाब द्यावे लागतात. दोघं असाल तर दर दोन मिनिटांनी बदला. दुसऱ्याने समोरच्या बाजूला आधीच गुडघे टेकून तयार बसायचं. दहा मिनिटांत हजारावर दाब होतात. धडधाकट तरुणही दमतो, म्हणून बेल वाजवून शेजाऱ्यांना बोलवा आणि नुसतं पाहत उभं राहू देऊ नका, पाळी लावा.

म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कटकन आवाज येईल. बरगडी मोडली असेल. हाताची जागा बरोबर आहे ना एवढं पाहा आणि चालू ठेवा. आवाज ऐकून हात मागे घेणारे खूप असतात, आणि मला वाटतं प्रशिक्षणात हे सगळ्यात आधी सांगायला हवं. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत सांधते. आपला अंदाज चुकला असेल, हृदय चालूच असेल, तर माणूस कण्हेल, हात झटकेल, तेव्हा थांबा. दाब दिल्याने मोठी इजा झाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

तोंडाने श्वास द्यायचा का? एकाएकी कोसळलेल्या मोठ्या माणसाला, तुम्हाला ते शिकवलेलं नसेल तर, देऊ नका. पहिली काही मिनिटं रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, तो फक्त मेंदूपर्यंत ढकलायचा असतो. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी जी मार्गदर्शक पद्धत तयार झाली, ती याच तत्त्वावर आहे: ओळखा, छातीवर दाब द्या, लवकर रुग्णालयात पोहोचवा. तिचं नाव कॉल्स. अनोळखी तोंडाला तोंड लावण्याची शिसारी हे हात न लावण्याचं मोठं कारण असतं, ते या पद्धतीने निकालात निघालं.

बुडालेला माणूस आणि लहान मूल हे अपवाद. खडकवासल्यात, पानशेतला किंवा पोहण्याच्या तलावात बुडालेल्याचा प्राणवायू आधीच संपलेला असतो. मुलांचं हृदयही बहुधा श्वास अडल्यामुळे थांबतं. तिथे ३० दाब आणि २ श्वास असा क्रम हवा. पोटातलं पाणी काढायला उलटं टांगणं, पोट दाबणं यात निव्वळ वेळ जातो. घरात लहान मुलं असतील किंवा तुम्ही पावसाळ्यात धरणांवर जाणाऱ्यांपैकी असाल, तर श्वास देणं बाहुलीवर शिकूनच घ्या. वाचून ते येणार नाही.

विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. पावसाळ्यातला ओला गिझर, गणपतीच्या मांडवातली उघडी वायर, बोअरची मोटार अशा ठिकाणी गेलेला जीव बहुधा तरुण असतो आणि त्याचं हृदय तोवर निरोगी असतं. लगेच दाब दिला तर त्याच्या वाचण्याची आशा चांगली असते. अशा वेळी 'गेला' असं कुणीही जाहीर करून टाकू नये.

स्त्रियांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. अमेरिकेत सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा ४५ टक्के पुरुषांना आसपासच्या लोकांकडून सीपीआर मिळाला होता आणि स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांनाच. आपल्याकडे पीएमपीच्या बसमध्ये एखादी बाई कोसळली तर पुरुष मागे सरतील आणि बायका तिच्या तोंडावर पाणी मारतील, ही भीती मला वाटते. दाब देण्यासाठी कपडे काढावे लागत नाहीत. मोठ्याने सांगा, 'ह्यांचं हृदय बंद पडलंय, मी सीपीआर देतोय, तुम्ही १०८ लावा.' एकदा हे बोललं गेलं की गर्दी साक्षीदार होते आणि मदतीलाही लागते.

यंत्र

हातांनी वेळ मिळतो. थरथरणाऱ्या हृदयाची लय परत आणायची तर बहुतेकदा विजेचा झटका लागतो. तो देणारं एईडी नावाचं यंत्र सामान्य माणसाने वापरावं म्हणूनच बनवलेलं आहे. झाकण उघडलं किंवा बटण दाबलं की ते बोलू लागतं. दोन पट्ट्या चित्रात दाखवल्याप्रमाणे उघड्या छातीवर चिकटवायच्या, एक उजव्या खांद्याखाली, एक डाव्या काखेच्या खाली. लय यंत्रच तपासतं आणि गरज असेल तरच झटका देतं. चुकून कुणाला झटका बसेल ही भीती नको. घाम पुसा, मंगळसूत्र किंवा साखळी पट्टीच्या जागेवरून बाजूला सारा, ब्लाउज कात्रीने कापावा लागला तर कापा आणि वरून ओढणी धरा. झटका देताना कुणी स्पर्श करायचा नाही. झटक्यानंतर लगेच पुन्हा दाब.

हे कितपत चालतं? शिकागोच्या विमानतळांवर अशी यंत्रं भिंतीवर लावली गेली. पहिल्या दोन वर्षांत ज्या १८ जणांच्या हृदयात ती घातक थरथर आढळली, त्यांतले ११ वाचले. यंत्र चालवणारे बहुतेक जण आपणहून मदतीला आलेले लोक होते. अमेरिकेतल्या जुगारगृहांत सुरक्षारक्षकांना हे शिकवलं होतं. तिथे कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी ७४ टक्के वाचले, आणि त्याहून उशीर झालेल्यांपैकी ४९ टक्के. हे आकडे मोठ्या रुग्णालयातले नाहीत. ते चौकीदारांच्या हातून आलेले आहेत.

आपल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये क्लबहाऊस आहे, जिम आहे, जनरेटर आहे. लाख-दीड लाखाच्या घरातलं हे यंत्र दोनशे फ्लॅटमध्ये वाटलं तर एका घराला हजाराच्या आत पडतं. घेणार असाल तर ते वॉचमनच्या केबिनमध्ये, कुलूप न लावता, दिसेल असं ठेवा. सेक्रेटरींच्या घरच्या कपाटात ठेवलेलं यंत्र रात्री दोन वाजता नसल्यासारखंच. पट्ट्या साधारण दोन वर्षांत आणि बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते. ही तारीख पाहण्याचं काम एका माणसाच्या नावावर हवं आणि वार्षिक सभेत त्याने ते सांगायला हवं. मंगल कार्यालयं, नाट्यगृहं, जॉगिंग ट्रॅक, तालमी, मॅरेथॉनचे मार्ग इथेही ही मागणी नागरिकांनी लावून धरावी.

यंत्र नसेल तरी सोसायटीला करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. रुग्णवाहिका आली की अडथळ्याचा दांडा वर, नोंदवहीत सही नाही, अॅपवर परवानगीची वाट पाहणं नाही, असं वॉचमनला लेखी सांगा. एकाने लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवायची. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावतं का हे आज मोजून पाहा. जुन्या इमारतींत ते मावत नाही, मग खुर्चीवर बसवून किंवा जिन्याने आणावं लागतं आणि तेवढा वेळ दाब थांबतो. म्हणून १०८ चे डॉक्टर येऊन पाहीपर्यंत माणसाला वरच ठेवून दाब देत राहणं बहुधा जास्त शहाणपणाचं. रिक्षात किंवा मोटारीच्या मागच्या सीटवर वाकडं घालून नेताना छातीवर नीट दाब देता येत नाही. पेठांच्या बोळांतून गाडी आत येत नसेल, तर एक माणूस कोपऱ्यावर आणि दोघं हात बदलत दाब द्यायला, अशी विभागणी करा. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनी सेफ्टी डोअरची जादा किल्ली शेजारी द्यावी. बेल वाजवत बंद दारापुढे उभं राहण्यात गेलेली मिनिटं कुणीही परत आणू शकत नाही.

डेन्मार्कने काय केलं

१२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानावर ख्रिस्तियन एरिक्सन हा फुटबॉलपटू खेळता खेळता कोसळला. सहकाऱ्यांनी भोवती कडं केलं, मैदानावरच दाब आणि विजेचा झटका दिला गेला, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळू लागला. मैदानावर डॉक्टर होते, यंत्र होतं, ही गोष्ट खरी. त्याच देशातली सामान्य माणसांची कहाणी मात्र मला त्याहून मोलाची वाटते. २००१ मध्ये तिथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या पाचांपैकी साधारण एकालाच आसपासच्यांकडून सीपीआर मिळत होता. त्यांनी तो शाळांमध्ये सक्तीचा केला, वाहन परवान्याला जोडला. २०१० पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या जवळ गेलं, आणि महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर, म्हणजे तिप्पट झालं.

या आकड्यांत एक कटू गोष्टही आहे. इतकं करूनही दहांतले नऊ गेले. सिनेमात दोन-चार दाबांनंतर माणूस डोळे उघडतो, तसं बहुधा होत नाही. ज्याने वडिलांच्या छातीवर वीस मिनिटं दाब दिला आणि तरीही ते गेले, त्याला कुणी 'तू चुकीचं केलंस का' असं विचारू नये. त्याने त्यांना असलेली एकमेव संधी दिली.

मदत करताना कायद्याची धास्ती बाळगू नका. संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेली कृती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० नुसार गुन्हा ठरत नाही. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने, कलम १३४अ खाली, वेगळं संरक्षण दिलं आहे. आणि तातडीच्या रुग्णाला पोलिसांची वाट न पाहता उपचार देणं हे डॉक्टरांचं आणि रुग्णालयाचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

कुठे हात आवरायचा

सीपीआर प्रत्येकासाठी नाही, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात घरी आणलेली आजी, अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेले आजोबा, यांचं हृदय थांबणं हा आजाराचाच शेवट असतो. तिथे बरगड्या मोडणं, नळ्या घालणं, अतिदक्षता विभागात आठवडा काढणं हे माणसावर लादलेलं दुःख ठरतं. पण हा निर्णय त्या क्षणी, दारात उभं राहून घेता येत नाही. रुग्ण बोलू शकतो आहे तोवर त्याच्याशी, भावंडांशी आणि फॅमिली डॉक्टरांशी बसून ठरवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये इच्छापत्रासारख्या वैद्यकीय पूर्वसूचनेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करता येते. घरातल्या सगळ्यांना ती कुठे ठेवली आहे हे माहीत असावं, नाहीतर रात्रीच्या गोंधळात कुणीतरी १०८ लावतं आणि नको तेच सगळं सुरू होतं. असं काही ठरलेलं नसेल, तर शंका घेत थांबू नका, दाब द्या.

वाचल्यानंतर

दाब देताना माणूस नेहमीसारखा श्वास घेऊ लागला, तर त्याला कुशीवर वळवा, एईडीच्या पट्ट्या तशाच राहू द्या आणि नजर हटवू नका. हृदय पुन्हा थांबू शकतं. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: कोसळताना कुणी पाहिलं का, किती वाजता, दाब किती मिनिटांनी सुरू झाला, झटका दिला का. नातेवाइकांपैकी एकाने हे लगेच मोबाइलवर लिहून ठेवावं. पुढचे उपचार आणि अंदाज यांवर बरेचसे अवलंबून असतात.

मग येतो सगळ्यात जड काळ. हृदय चालू आहे, माणूस व्हेंटिलेटरवर, डोळे मिटलेले. 'शुद्धीवर कधी येतील?' हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी विचारला जातो. मेंदूबद्दलचा खात्रीचा अंदाज हृदय पुन्हा सुरू झाल्यापासून निदान ७२ तासांच्या आत बांधू नये, हा जगभरचा प्रघात आहे; झोपेची औषधं चालू असतील तर त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी ठाम आशा किंवा ठाम नकार दिला, तर थांबून पुन्हा विचारा. बरे होऊन घरी आलेल्यांपैकी काहींना विसरभोळेपणा, चिडचिड, थकवा महिनोन्‌महिने राहतो. 'जीव वाचला ना, मग आता काय' असं म्हणून तो झटकू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना आणि समुपदेशकांना दाखवा. छातीत बसवायचं स्वयंचलित झटका यंत्र लागेल का, हे घरी सोडण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि कोसळणारी व्यक्ती चाळिशीच्या आतली असेल, मग ती वाचो वा न वाचो, तिच्या आईवडिलांचा, सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या. हृदयाचा स्नायू जाड होण्याचे किंवा विद्युत लयीचे काही दोष घराण्यात उतरतात. व्यायाम करताना चक्कर येऊन पडलेला मुलगा, घरात कुणी तरुणपणी झोपेत गेल्याची जुनी गोष्ट, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका.